आजी गाडी धुवायची

तुम्हां दोघांना हे मी मराठीत लिहिते आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्ही भरभर वाचलं असतं, हे मला ठाऊक आहे. पंचवीस वर्षं मी शाळेत इंग्रजीच शिकवलं. पण ही भरभर वाचायची गोष्ट नाही, आणि जे घडलं ते सगळं मराठीत घडलं. कुठे अडलात तर बाबाला विचारू नका. मला फोन करा.

आत्ताच का लिहिते, तेही सांगते. गेल्या रविवारी ताईने फोनच्या पडद्यासमोर नवंकोरं लायसन्स धरलं आणि विचारलं, "आजी, तू कधी गाडी चालवलीस का गं?" मी चष्मा पुसत होते. मी तोंड उघडायच्या आत मागून तुमच्या बाबाचा आवाज आला, "आजी? छे! गाडी आजोबा चालवायचे. आजी धुवायची." तुम्ही हसलात. मीही म्हटलं, "हो, धुवायचे." मग अभिनंदन वगैरे झालं आणि फोन बंद झाला.

त्यानंतर दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. बाबा बोलला म्हणून नाही, मी "हो" म्हटलं म्हणून. तेव्हा आता नीट, पहिल्यापासून सांगते.

आमची गाडी आली नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. लहानशी, पांढरी, चार दारांची. इंदिरानगरात तेव्हा आमच्या गल्लीत दोनच गाड्या होत्या आणि मधल्या मोकळ्या प्लॉटवर बाभळी होत्या. आजोबा सातपूरच्या कारखान्यात इंजिनिअर. मी देवळाली कॅम्पच्या शाळेत. गाडी आजोबांच्या नावावर आली, त्यांनीच ती चालवायची हे कुणी ठरवलं नव्हतं, आणि ठरवायची गरजही कुणाला वाटली नव्हती.

धुवायची मात्र कुठे, यावर चर्चा झाली. आजोबांनी पहिल्याच रविवारी ती दारणेवर नेली. तेव्हा सगळेच नेत. नदीला उतार असेल तिथे टेम्पो, जीप, स्कूटर पाण्यात उभ्या करायच्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडायची आणि डब्याने पाणी मारायचं. आजोबा खुशीत होते. मी दगडावर बसले होते. खालच्या अंगाला दोन-तीन बायका धुणं धूत होत्या. त्यांतली एक कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ओ साहेब, गाडी खाली न्या की. आमी कापडं धुतोय आन् तुमी वरून तेल सोडताय!"

"नदी सगळ्यांची आहे, बाई," आजोबा म्हणाले.

"सगळ्यांची हाय म्हनूनच सांगते. तुमच्या बाईसाहेबांचं पातळ बी ह्याच पान्यात बुडवू का?"

मला हसू आवरलं नाही. आजोबांना आवरलं. त्यांनी गाडी मुकाट्याने खाली नेली. नदीवर गाडी परत कधी गेली नाही.

मग घरी बादलीने. आजोबांना त्याचा कंटाळा, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. धुण्याच्या पावडरीने रंग उतरतो असं कुणीतरी सांगितलं, तर मी रिठे भिजत घालू लागले. फडक्याला आजोबांचे जुने बनियन. इथवर बाबाचं बरोबर आहे. आजी गाडी धुवायची.

पुढच्या वर्षी मी गाडी शिकायचं ठरवलं. मला एकोणपन्नासावं लागलं होतं. शाळेला जायला दोन बस बदलाव्या लागत, आणि वह्यांचे गठ्ठे काखेत घेऊन उभं राहणं मला झेपेना. आजोबा म्हणाले, "मी शिकवीन." दोन रविवार त्यांनी शिकवलं. दोन्ही रविवारी आम्ही वेगवेगळे घरी आलो. ते गाडीने, मी रिक्षाने.

शेवटी कॅम्पातले एक निवृत्त हवालदार मिळाले. फौजेत त्यांनी आयुष्यभर मोठाल्या गाड्या चालवल्या होत्या. मूळचे सटाण्याकडचे. हुकूम हिंदीत द्यायचे, खुशीत आले की अहिराणीत बोलायचे. पहिल्या दिवशी मी किल्ली पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही.

"चावी राहू द्या, मॅडम. बादली आणा."

मला वाटलं गाडी मळलेली असेल. मळलेली नव्हती. त्यांनी माझ्याकडून ती पुरती धुऊन घेतली, आणि कशी धुवायची तेही शिकवलं. आधी नुसतं पाणी सोडायचं, धूळ आपसूक वाहून जाऊ द्यायची. कोरड्या धुळीवर फडकं मारलं की रंगावर ओरखडे उठतात. छत आधी, चाकं शेवटी. चाकाचं फडकं वर न्यायचं नाही. बादल्या दोन, एक साबणाची, एक फडकं पिळायची. उन्हात कधीच धुवायची नाही. धुता धुता मधेच म्हणायचे, "आँखें बंद. डावा मागचा कोपरा कुठंय? हात लावून दाखवा." मी डोळे मिटून चाचपडत जायचे. आठ दिवस हेच. नवव्या दिवशी मला कळलं की गाडी कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे माझ्या हातांना पाठ झालं आहे.

रोज धुऊन झालं की ते एकच प्रश्न विचारत. "गाडी कोन्ही शे?" म्हणजे गाडी कोणाची आहे. पहिल्या दिवशी मी सरळपणे सांगितलं, "ह्यांची."

"मग उद्या त्यांनाच पाठवा. त्यांनाच शिकवतो."

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "आमची."

"आमची? स्टेअरिंगवर दोघं बसता का?"

तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "माझी." तर म्हणाले, आमच्या भाषेत सांगा. मला येईना. त्यांनी म्हणून दाखवलं, मग मी म्हटलं, "मन्ही शे." ते एवढे हसले की खोकला लागला. त्यानंतर रोज तो प्रश्न आणि रोज तेच उत्तर. नवव्या दिवशी ते म्हणाले, "हां. आता बसा."

माझी उंची तुम्हाला माहीत आहे. बसल्यावर मला स्टेअरिंगच्या वरून फक्त आभाळ दिसलं. घरी येऊन मी जुन्या गोधडीच्या तुकड्यांची एक जाड, घट्ट उशी शिवली, तिला निळ्या चादरीचा अभ्रा घातला. त्या उशीवर बसून मी परीक्षा दिली आणि पहिल्या खेपेला पास झाले. आजोबांनी पेढे आणले. शिवाय प्लंबर बोलावून गाडीच्या जागेशेजारी गुडघ्याएवढ्या उंचीवर एक नळ बसवून घेतला. "बादली घेऊन स्वयंपाकघरातून ये-जा नको," म्हणाले. तेव्हा मला ते फार चांगलं वाटलं होतं. अजूनही वाटतं, खरं सांगायचं तर.

तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत मी रोज कॅम्पला गाडीने गेले. पावसात, धुक्यात, आणि कुंभमेळ्याच्या वर्षी अर्धे रस्ते बंद असताना सुद्धा. तुमचा बाबा बारावीच्या परीक्षेला कोणाच्या गाडीतून गेला होता हे त्याला विचारा. नाही, नकाच विचारू. मीच सांगते. माझ्या.

पुढे आग्रा रोडला वॉशिंग सेंटरं निघाली. पावसाळा संपला की गाडीचं पोट धुवायला मी तिथे नेत असे, कारण पोटाखाली माझा हात पोचत नव्हता. गाडी उंच रॅम्पवर चढवायची, खालून जोराच्या पाण्याचा फवारा. पहिल्यांदा गेले तेव्हा गमबूट घातलेला एक माणूस खिडकीत वाकून म्हणाला,

"मॅडम, ड्रायव्हर कुठाय?"

"मीच."

"नाही, म्हणजे साहेब?"

"साहेब घरी भाजी निवडतायत."

तो एवढा गोंधळला की रॅम्पवर गाडी मीच चढवली. दोन्ही बाजूंची चाकं बरोबर पट्ट्यांवर. आठ दिवस डोळे मिटून चाचपडले होते ते उगाच नव्हे.

आणखी काही वर्षांनी गल्लीत गाड्या वाढल्या तेव्हा सकाळी गाड्या पुसणारा एक गृहस्थ येऊ लागला. सुरगाण्याकडचा, चाळिशीचा. गावाकडे भात-नागलीचं काम उरकलं की हे लोक मजुरीला इकडे उतरत. तो उतरला तो राहिलाच. सायकलला बादली, खांद्यावर फडकं, आठच्या आत सहा गाड्या. आजोबांनी माझ्या गुडघ्यांचं निमित्त काढून त्याला आमचीही गाडी दिली. त्याची पद्धत म्हणजे एकच ओलं फडकं, छतापासून चाकापर्यंत आणि तेच पुढच्या गाडीला. मी पहिल्याच दिवशी त्याला थांबवलं.

"अहो, आधी पाणी सोडा. धुळीवर फडकं नको."

"बाई, असं करीत बसलो तर सहावी गाडी दुपारी व्हईल."

"मग आमची सोडा."

त्याने फडकं बादलीत बुडवलं. मग म्हणाला, "बरं, तुमच्या गाडीला तुमचा कायदा." असा आमचा तह झाला. रोजची धूळ तो झटके, रविवारची आंघोळ मी घाले. त्याने माझ्या वाटणीचा रविवार कधी मोडला नाही.

निवृत्तीनंतरही गाडी मी चालवत होते. वाचनालय, भाजीबाजार, कॅम्पातल्या मैत्रिणी. आजोबांची पाठ धरायची, म्हणून तेही माझ्या शेजारीच बसत. मग माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन उत्तम झालं. गेल्या कित्येक वर्षांत दिसल्या नव्हत्या अशा पाट्या मला दिसू लागल्या. पण ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात फाटकाच्या खांबाला गाडी घासली होती. डाव्या दारावर खांबाचा हिरवा रंग लागला, वीतभर. मी तो टूथपेस्टने घासून बराचसा काढला. आजोबांनी बोटांनी त्या ओरखड्याची लांबी मोजली आणि आत गेले. ते ओरडले असते तर मी सावध झाले असते.

त्या वर्षी दसऱ्याला तुमचा बाबा तिकडून तीन आठवड्यांच्या सुट्टीवर आला होता. एकटाच, तुम्ही दोघं अजून व्हायचे होतात. खंडेनवमीच्या सकाळी तो म्हणाला, "आई, उद्या पूजा आहे ना? चल, आज आपण दोघं मिळून गाडी धुऊ. अगदी तुझ्या पद्धतीने."

मला किती आनंद झाला हे कसं सांगू? शाळेत असताना त्याने कधी बादली उचलली नव्हती. आता तो शर्टाच्या बाह्या दुमडून खालच्या नळापाशी बसला, आणि मी सांगत होते, तो करत होता. छत आधी. चाकं शेवटी. मी त्याला हवालदारसाहेबांची गोष्ट सांगितली. तो हसला. मग म्हणाला, "आई, डिकी पण रिकामी कर ना. नीट झाडता येईल." मी डिकी रिकामी केली. छत्री, जुनं घोंगडं, दोरी, पाण्याचा कॅन. "पुढचा खण पण," तो म्हणाला. मी तोही रिकामा केला. "आणि ती उशी काढ, सीट झाडायचं आहे." मी उशी काढून उन्हात ठेवली.

तेवढ्यात गाड्या पुसणारा आला. धुणं त्याच्या वाटणीचं नव्हतं, तरी माझ्या हातातलं फडकं घेत तो म्हणाला, "बाई, आज तुम्ही नका धुऊ. मी धुतो."

"का हो?"

तो बाबाकडे बघत होता. बाबा चाक घासत होता. "सणाचा दिवस हाय," तो म्हणाला, "तुम्ही आत बसा."

मी हसून त्याला म्हटलं, सणाचा दिवस आहे म्हणूनच धुते आहे. त्याने फडकं परत दिलं आणि बादली घेऊन पुढच्या घरी गेला. त्याला दोन दिवस आधीच आजोबांनी सांगून ठेवलं होतं, की गाडी चकाचक दिसली पाहिजे, बघायला माणसं यायची आहेत. तो मला थांबवत होता. घरातल्या दोघांपैकी कुणी थांबवलं नाही.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी मी गाडीची पूजा केली. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं, नारळ. बाबाने फोटो काढले. फोटोत तो हसतो आहे.

दुपारी एक तरुण जोडपं आलं. त्यांच्या हातात आपट्याची पानं होती. सोनं द्यायला माणसं संध्याकाळी येतात, हे जरा लवकर आले, एवढंच मला वाटलं. कारखान्यातले कोणी असतील. दोघं वाकून माझ्या पाया पडले. "सोनं घ्या, काकू, सोन्यासारखं राहा." मीही सोनं दिलं आणि श्रीखंडाच्या वाट्या भरायला आत गेले. बाहेर आले तेव्हा आजोबा त्या मुलाच्या हातात किल्ली ठेवत होते आणि टेबलावर कागद पसरले होते. कागदांवर एकाच माणसाची सही लागत होती. गाडी आजोबांच्या नावावर होती.

ती मुलगी माझ्या हातातली वाटी घेत म्हणाली, "काकू, गाडी किती छान ठेवलीत! आणि पूजासुद्धा करून ठेवलीत आमच्यासाठी."

आमच्यासाठी.

तिचा काही दोष नव्हता. मुहूर्तावर गाडी घरी न्यायची, म्हणून ते दसऱ्याला आले होते. गाडी धुतलेली, सजवलेली, डिकी रिकामी. सगळं मी करून ठेवलं होतं. मी म्हटलं, "श्रीखंड खा." ती दोघं गाडीत बसली. मुलगा उंच होता, त्याला उशी लागली नाही. चाकाखालचं लिंबू फुटलं आणि गाडी फाटकातून बाहेर गेली, खांबापासून चांगली हातभर लांबून.

फाटक लावून झाल्यावर मी आजोबांना विचारलं, "मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तू दिली असतीस?"

"नाही."

"मग?"

ते चिडून बोलले नाहीत. ते घाबरलेले होते, हे मला आता कळतं. त्या खांबाच्या जागी एखादा ट्रक त्यांना दिसत असणार. पण घाबरलेल्या माणसाने मला समोर बसवून "घाबरलो" म्हणायला काय हरकत होती? मी भांडले असते. चार दिवस, आठ दिवस. भांडणात मी हरलेही असते कदाचित.

बाबाला मी एवढंच विचारलं, "आणि धुवायला कशाला बसलास रे माझ्याबरोबर?"

तो म्हणाला, "तुला धुवायला आवडतं ना, म्हणून. म्हटलं, शेवटची एकदा मनासारखी धुऊ दे."

माझ्यावरच्या प्रेमापोटी बोलला. त्याला ते आजही चांगलंच वाटत असेल. म्हणून तर इतक्या वर्षांनी त्याच्या तोंडून तेच आलं. धुतलेली गाडी त्याच्या लक्षात राहिली. त्याला परीक्षेला नेणारी गाडी नाही राहिली, कारण ती लक्षात ठेवली तर त्या दसऱ्याला आपण नक्की काय केलं हेही लक्षात ठेवावं लागेल.

दुसऱ्या दिवशी तो सुरगाण्याचा माणूस सवयीने फाटकाशी थांबला. रिकाम्या जागेकडे बघून म्हणाला, "बाई, मी सांगायला पाहिजे व्हतं."

"तुम्ही सांगितलं होतं," मी म्हटलं. "मला ऐकू आलं नाही."

आजोबा आता नाहीत. असते तर हे मी आधी त्यांना वाचून दाखवलं असतं, आणि त्यांनी "तारखा बरोबर आहेत का?" एवढंच विचारलं असतं. बाबाला तुम्ही हे वाचून दाखवा. मधले शब्द गाळू नका.

आणि ताई, तू गाडी चालवणार आहेस तर एक कर. एकदा तरी ती स्वतःच्या हाताने धू. छत आधी, चाकं शेवटी. मग डोळे मिटून डावा मागचा कोपरा शोध. पुढच्या रविवारी मी तुला विचारणार आहे, गाडी कोन्ही शे. उत्तर काय द्यायचं ते वर लिहिलं आहे.

माझ्या लायसन्सची मुदत केव्हाच संपली. त्यावरचा फोटो निघाला, सही आहे. खालचा नळ चालू आहे, त्याचं पाणी आता कुंड्यांना जातं. निळी उशी त्या दिवशी उन्हातून मी घरात आणली होती. तिचा अभ्रा दोनदा बदलला, आतल्या गोधडीचे तुकडे तेच आहेत.